विचारायचं नाही, सांगायचं

गोळपच्या सड्यावर सीतेची आसवं फुलली की माझं उजवं मनगट कुरकुरायला लागतं. हाड केव्हाच सांधलंय, तरी भाद्रपद सरत आला की हजेरी लावतंच. काल सकाळी दुकानात जाताना स्कूटर बाजूला घेतली आणि जरा थांबले. काळ्या कातळावर ती जांभळी, नखाएवढी फुलं दाटीनं उभी होती, खळग्यांत पाणी साचलेलं, वर ऊन आणि ढग यांची आत-बाहेर चाललेली. आणि मनगट ठणकत होतं. दोन वर्षांपूर्वीचा असाच मोसम. तेव्हा मी दोन महिने रोज अनोळखी माणसांच्या गाडीतून रत्नागिरीला गेले. त्या गाडीत पुढच्या सीटवर एक बाई बसायच्या. त्यांचे गेलेले शब्द परत येतात की नाही, ह्यावर गाडीतल्या आम्हा सगळ्यांचा जीव टांगलेला असायचा.

सुरुवात झाली तेरड्यापासून. आमच्याकडे गौर तेरड्याची. रानात जायचं, मुळासकट रोपं उपटून आणायची आणि त्यांना साडी नेसवायची. तेरडा तेव्हा वाटेल तिथे माजलेला असतो, पाय टाकाल तिथे तेरडा. पण मला हवा होता तो शेजारच्या दगडी गडग्यावरचाच, कारण त्याला फुलं जास्त होती. ज्या वयात बाईमाणसानं गडग्यावर चढू नये त्या वयात मी चढले. वय विचारू नका, मी खरं सांगत नाही. शेवाळलेल्या जांभ्यानं मला खाली आणलं, आणि त्या वर्षीची गौर माझ्या हाताला प्लास्टर घालूनच घरात आली.

नवरा बोटीवर, लेक पुण्याला. घरात मी आणि मांजर. रत्नागिरीच्या रामआळीतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी वीसेक वर्षं काउंटरला आहे. सुट्टी घेता आली असती, मालक स्वतःच घ्या म्हणत होते, पण गप्प बसायची शिक्षा मला सोसवत नाही. आई म्हणायची, हिला भिंतीशेजारी बसवलं तर ही भिंतीचं माहेर विचारील.

स्कूटर बंद. सकाळची बस धरली तर दुकान उघडेपर्यंत तासभर पायरीवर बसायचं, नंतरची धरली तर मालकांचं तोंड बघायचं. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पहिल्याच दिवशी एका बाईनं माझ्या प्लास्टरवर तांदळाची पिशवी ठेवली, टेबल समजून. फणसोपला उतरताना "थँक्यू हां" पण म्हणाली! मग हात करणं आलं. आमच्या बाजूला रस्त्यावर उभं राहून हात केला की गाडी थांबते, ही जुनी रीत. पण स्कूटर घेतल्यापासून मी कधी कुणाला हात केला नव्हता. उजवा हात गळ्यात, म्हणून डावा केला. शरमच वाटली मेली. दोन गाड्या पाणी उडवत निघून गेल्या. तिसरी, जुनी पांढरी, थांबली.

स्टीअरिंगवर साठीपुढचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीच्या शर्टात. शेजारी एक बाई, घट्ट अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. धंद्यामुळे माझी नजर आधी चष्म्याकडेच जाते. फ्रेम डावीकडे कललेली होती, दोन मिनिटांचं काम. मागे चाळिशीचा एक माणूस मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन बसलेला.

"रामआळी," मी म्हटलं.

"बसा," गृहस्थ म्हणाले.

बसले, पदर सावरला, आणि गाडीनं वेग घ्यायच्या आत तोंड उघडलं, "तुमचा गाव कुठचा?"

हा आमच्याकडे प्रश्न नाहीच, ही रीतभात आहे. अनोळखी माणूस शेजारी आला की पहिल्या वळणाला गाव, दुसऱ्याला आडनाव, आणि तिसऱ्याला 'म्हणजे अमक्यांच्या धाकट्या सुनेचे तुम्ही कोण?' भाट्याचा पूल यायच्या आत काहीतरी नातं, निदान एखादी समाईक मावशी निघालीच पाहिजे. नाही निघाली तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं.

गृहस्थांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "ताई, एक सांगून ठेवतो. ह्या गाडीत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. सांगायचं असेल ते मात्र भरपूर सांगा."

"म्हणजे काय?"

"हा पण प्रश्नच झाला ना ताई," पिशवीवाला हसत म्हणाला.

उतरताना मी पैसे काढायला लागले तर गृहस्थ म्हणाले, "नको. उद्या याच वेळेला उभ्या राहा. आणि बोला जरा. आज फारच गप्प होतात." मी! गप्प! बावीस मिनिटं तोंड मिटून बसले होते आणि पोट फुगून आलं होतं, आणि वर हे ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी गाडी हात न करताच थांबली. तिसऱ्या दिवशीही. माझ्या मनानं कामाला सुरुवात केली होती. हा माणूस पैसे घेत नाही, नाव सांगत नाही, विचारू देत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड. पोलिसातून निवृत्त? का पोलिसांना हवा असलेला? डिकीत काय असेल? आणि ह्या बाई. एक अक्षर नाही. बाहेर बघत बसायच्या, आणि मधेच मागे वळून चष्म्याच्या वरून माझ्याकडे अशी नजर टाकायच्या की मी आपोआप ताठ बसायचे. ती नजर मी कुठेतरी पाहिली होती. कुठे ते आठवेना, आणि विचारायची सोय नाही. आमच्या दुकानातल्या मुली मला म्हणाल्या, "काकू, त्या गाडीत बसू नका." पण बसले नसते तर कळलं कसं असतं?

चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावर गृहस्थांनी मला खाली उतरायची खूण केली. पंपाच्या कडेला, टायरमध्ये हवा भरायच्या नळीजवळ उभं राहून त्यांनी मला जे सांगितलं, ते सांगताना ते सतत स्वतःच्या चपलेकडे बघत होते.

"मिसेसना झटका आला, त्याला वर्ष होईल. हातपाय सुटले त्यातनं, देवाची कृपा. बोलणं गेलं. कळतं सगळं, पण शब्द तोंडाशी येऊन अडतो. शहरात एक बाई आहेत, बोलायला शिकवतात, त्यांच्याकडे रोज साडेनऊला नेतो. त्या म्हणाल्या, हिच्या कानावर बोलणं पडत राहू दे. माणसांचं. टीव्हीचं नको." मग पायानं ती नळी बाजूला सारून, "मी मुळात अबोल माणूस. चाळीस वर्षं ती बोलली, मी ऐकलं. आता मला बोल म्हटलं तर काय बोलू? पाऊस आहे, पूल आला, एवढंच सुचतं. म्हणून रस्त्यावरनं माणसं घेतो. तुमच्यासारखी."

"आणि विचारायचं नाही ते..."

"विचारलं की ती उत्तर द्यायला जाते. नाही आलं की कपाळावर मारून घेते, मग गाडीत बसायला तयार होत नाही. आणि बाई म्हणाल्यात, शब्द परत यायचे तर हेच दिवस आहेत. दिवाळीपर्यंत एक खाडा करू नका."

माझ्या मनात मी ह्या माणसाला पक्का स्मगलर करून ठेवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत परत बसले ती ठरवूनच, की आता ह्या गाडीत शांतता म्हणून ठेवायची नाही. त्यांना मी मनात भाऊ म्हणू लागले आणि त्यांच्या मिसेसना ताई, कारण खरी नावं विचारायची चोरी.

पण गंमत अशी की बोला म्हटल्यावर मला काही सुचेचना. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, माझी सगळी बडबड विचारण्यावर उभी आहे. काय हो, कसं हो, कुठे हो, किती हो. समोरच्याचं घेत राहायचं आणि त्यालाच गप्पा म्हणायचं. नुसतं सांगायचं म्हटलं तर स्वतःचं काहीतरी काढून द्यावं लागतं. गोळप ते फणसोप मी सांगण्यासारखं शोधत बसले आणि शेवटी दुकान उघडलं. सांगितलं, एक सून हळूच येऊन म्हणाली, आईंचा नंबर जरा कमीच ठेवा हो, त्यांना मोरीचे कोपरे दिसायला लागलेत. सांगितलं, एक आजोबा दर सहा महिन्यांनी येतात, डोळे ठणठणीत, फक्त तो अक्षरांचा तक्ता वाचायला आवडतो त्यांना, पाठ झालाय सगळा. ताईंनी मान वळवली नाही, पण त्यांचा कान माझ्याकडे होता, ते मला मागून दिसत होतं.

पिशवीवाले म्हणजे अस्लमभाई. ते त्यांनी आपणहूनच सांगितलं. फ्रीज दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं, "लोकं देवघर दाखवतील, कपाट दाखवतील, पण फ्रीज उघडताना लाजतात." एका घरी बर्फाच्या खणात कोळंबीच्या पिशवीत मंगळसूत्र निघालं. घरवाली म्हणाली, राहू दे तसंच, चोर आला तर कोळंबीला हात लावायचा नाही. "मी म्हटलं, बाये, तो चोर रत्नागिरीतला असेल ना, तर पहिली कोळंबीच नेणार!"

ताई हसल्या. खळखळून, खांदे हलवून. हसायला शब्द शोधावे लागत नाहीत. भाऊंनी चुकीचा गिअर टाकला आणि गाडी कचकन ओरडली, तरी कुणाला काही वाटलं नाही.

त्या मोसमाचा वाससुद्धा मला अजून वेगळा ओळखू येतो. अस्लमभाईंच्या पिशवीतलं ऑइल, भाऊंच्या शर्टाची इस्त्री, आणि खिडकीतून येणारा फुलोऱ्यावरच्या भाताचा तो गोडसर, दुधाळ वास. फणसोपच्या उतारावर लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडत चाललेलं. मग सुरूचं बन, त्यातून येणारा खारा वारा, आणि पूल. पुलाखाली काजळी नदीचं तांबडं पाणी समुद्राच्या हिरव्याला भेटतं तिथे मधे एक रेघ दिसते, ती मी वीस वर्षांत कधी बघितली नव्हती. स्कूटरवर माणूस खड्डे बघतो. पलीकडे राजिवड्याच्या होड्या. ताईंच्या अंबाड्यात रोज अबोली, भाऊ स्वतः माळून द्यायचे. मला सांगावंसं वाटायचं, अहो भाऊ, निदान फूल तरी बदला!

पहिला शब्द पुलावरच आला. एका मोटरसायकलवाल्यानं समोर एकदम आडवी घातली, भाऊंनी करकचून ब्रेक दाबला, आणि पुढच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "मेल्या!"

भाऊंनी पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चष्मा काढून पुसला. अस्लमभाई माझ्या कानात म्हणाले, "त्याला म्हणाल्या का भाऊंना?"

"मला म्हणाली असली तरी चालेल," भाऊ म्हणाले. त्यांना ऐकू गेलं होतं.

शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणे की शिव्या, पाढे, आरत्या हे सगळं वेगळ्या खणात असतं, तो खण आधी उघडतो. झालं, दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाढे धरले. तीन मोठी माणसं, एक फ्रीजवाला, एक चष्मेवाली आणि एक अबोल ड्रायव्हर, भाट्याच्या पुलावर मोठमोठ्यानं बारा एके बारा म्हणत. बारा पंचेला ताईंचा आवाज आमच्यात मिसळायचा आणि बारा दाहेपर्यंत टिकायचा. समोरून येणारे बघत राहायचे. पण पाढे थांबले की पुन्हा काही नाही. 'पाणी' म्हणता यायचं नाही, बाटलीकडे बोट. आरती येते, पाढा येतो, शिवी येते आणि पाणी येत नाही, हे कसलं कुलूप म्हणायचं! मला त्याचं फार कुतूहल वाटायचं, आणि भीतीही. मी घरी आल्यावर मांजराला एकेका वस्तूचं नाव मोठ्यानं सांगून बघायचे, माझे शब्द सगळे जागेवर आहेत ना म्हणून.

आणि मग मी माती खाल्ली.

आश्विन लागला होता. ऊन चटके देत होतं. त्या दिवशी ताईंनी मागे वळून माझ्या हातात अबोलीचा एक गजरा ठेवला, माझ्यासाठी वेगळा केलेला. मी अशी विरघळले, अशी विरघळले, की जीभ सुटलीच. "अगो बाई, काय सुरेख! माहेर कुठचं हो ताई तुमचं?"

शब्द बाहेर पडला आणि मी तोंडावर प्लास्टरचा हात मारून घेतला. पण ताई उत्तर द्यायला लागल्या होत्या. "आ..." म्हणाल्या. "आ..." ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. चेहरा लाल झाला. हातानं हवेत काहीतरी उंच दाखवलं, मग लाटांसारखं काहीतरी, मग पुन्हा "आ..." आणि मग तो हात कपाळावर, एकदा, दोनदा, तीनदा. भाऊंनी एका हातानं तो हात धरला आणि दुसऱ्यानं गाडी चालवत राहिले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी वडापमध्ये, प्लास्टर पोटाशी धरून. दिवाळीपर्यंत एक खाडा करू नका, असं सांगितलं होतं त्या बाईंनी, आणि इथे रोज एक दिवस माझ्यामुळे वाया चाललेला. माफी मागायला जावं म्हटलं तर जायचं कुठे? नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पावसच्या बाजूनं येतात एवढंच. इतका नियम पाळल्याचा मला पहिल्यांदा राग आला. कुणाला तरी विचारता आलं असतं, आमच्या भागात दोन फोनमध्ये माणूस सापडतो. पण पुन्हा विचारायचीच मला भीती वाटायला लागली होती.

जीपमध्ये अस्लमभाई भेटले. म्हणाले, "ताई, तुम्ही काय मुद्दाम नाय केलंत."

"मुद्दाम केलं असतं तर पुन्हा केलं नसतं," मी म्हटलं. "हे सवयीनं झालं." आणि भर जीपमध्ये रडले.

नवव्या दिवशी पांढरी गाडी लांबून दिसली. थांबली. पुढची काच ताईंनी स्वतः खाली केली. माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि म्हणाल्या, "आं-जर-लं."

त्यांचं संपलं नव्हतं.

"कडा," त्या म्हणाल्या. मोठा श्वास घेतला. "गणपती."

आंजर्लं. कड्यावरच्या गणपतीचं आंजर्लं. हवेत उंच दाखवलं होतं तो कडा, आणि खाली लाटा. त्या दिवशी त्या अगदी बरोबर उत्तर देत होत्या आणि मला कळलं नव्हतं.

मी आत बसल्यावर भाऊंनी सांगितलं. "आठ दिवस हा एक शब्द घेऊन बसली होती. वर्गाला चल म्हटलं तर मान हलवायची. हाताला प्लास्टर असल्याची खूण करायची, म्हणजे त्या बाईला उत्तर द्यायचंय. दिल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. काल मध्येच भाकरी थापता थापता आलं." माझा प्रश्न त्यांच्या घरात जाऊन आठ दिवस पाहुण्यासारखा बसून राहिला होता आणि त्याला तसंच परत पाठवायला त्यांचं मन तयार नव्हतं. मला आनंद झाला होता आणि तितकीच टोचणीही लागली होती, दोन्ही एकदम. शिकवणाऱ्या बाईंनी भाऊंना फोनवर सुनावलं होतंच, खाडे करायला नको होते म्हणून. शब्द मिळाला तो मिळाला, असंही म्हणाल्या.

अस्लमभाई म्हणाले, "आंजर्ल्याच्या म्हणजे तुम्ही..." आणि स्वतःच जीभ चावली. "नको. विचारत नाय."

त्यावर ताईंनी मागे वळून चष्म्याच्या वरून आमच्या दोघांकडे बघितलं, आणि त्याच क्षणी मला आठवलं. केसपेपरची खिडकी! फार वर्षांपूर्वी बोटात माशाचा काटा मोडला होता म्हणून मी मोठ्या दवाखान्यात गेले होते. लांबलचक रांग, आणि जाळीच्या खिडकीमागे ह्याच बाई. मान वर न करता धडाधड विचारायच्या, नाव? वय? गाव? मी म्हटलं होतं, चाळीस. तेव्हा मात्र पेन थांबलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खरं?" मागची रांग खुसुखुसु हसली. मी खरं सांगितलं. नवऱ्यालासुद्धा लग्नाआधी सांगितलं नव्हतं ते त्या खिडकीत सांगितलं.

ते सगळं मी गाडीत सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. ताई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. भाऊ म्हणाले, "तीस वर्षं होती त्या खिडकीत. अर्धी रत्नागिरी हिला वय सांगून गेलीय."

हसता हसता माझ्या मनात आलं. तीस वर्षं जिनं फक्त विचारण्याचंच काम केलं, तिच्या गाडीत आता कुणी काही विचारायचं नाही. आणि तिनं स्वतः तर वर्षभरात एकही प्रश्न विचारला नव्हता. भाऊ म्हणाले, तेच राहिलंय. उत्तर देणं एक, आपणहून दुसऱ्याला काही विचारणं वेगळं. बाई म्हणतात, ते आलं म्हणजे ती आली. मग आम्ही सगळे त्याचीच वाट बघायला लागलो. रोज कुणी नवीन माणूस रस्त्यावर हात करायचा, आत बसायचा, आणि मी नि अस्लमभाई ताईंच्या तोंडाकडे बघत राहायचो. पाणी आलं. पूल आला. ऊन, खड्डा, माकड, सगळं एकेक करून आलं. प्रश्न काही आला नाही.

दिवाळीच्या आधी माझं प्लास्टर कापलं. खालून निघालेला हात सुकटासारखा दिसत होता. शेवटच्या दिवशी ताईंनी तो आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं वाकवून बघितली. ओठ हलले. काहीतरी विचारायचं होतं, स्पष्ट दिसत होतं. भाऊंनी गाडी रामआळीच्या तोंडाशी थांबवली होती, मागून हॉर्न वाजत होते. मी थांबले. पण ते आलं नाही, आणि त्यांनी माझा हात हळूच सोडला. मी उतरले. फोन नंबरसुद्धा घेतला नाही. गाडीतून उतरल्यावर गाडीचा नियम संपतो, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

नंतर स्कूटरवरून जाताना कधी समोरून पांढरी गाडी दिसायची, भाऊ हॉर्न द्यायचे. अस्लमभाई मस्कतला गेले, तिथले फ्रीज उघडायला. गेलं वर्षभर गाडी दिसलीच नाही. मनात नको नको ते यायचं. दोन फोन केले असते तर कळलं असतं, पण ते दोन फोन मी केले नाहीत. मी, जिनं भिंतीचं माहेर विचारलं असतं! काही उत्तरं न कळलेलीच बरी असतात, हे मला त्या एका गाडीनं शिकवलं, आणि ते शिकणं मला मुळीच आवडलेलं नाही.

म्हणून काल सड्यावर मनगट ठणकलं तेव्हा ठरवलं. आज स्कूटर अंगणातच ठेवली. नऊच्या सुमारास जुन्या जागी जाऊन उभी राहिले आणि हात केला. ह्या वेळी उजवा. दोन गाड्या गेल्या, एक टेम्पो गेला. ओळखीचा एक जण थांबला, "काकू, बसा," म्हणाला, त्याला पुढे पाठवला. पाऊण तास झाला. दुकानातून फोन आला, तो घेतला नाही. परतावं की काय असं वाटायला लागलं, आणि वळणावरून पांढरी गाडी आली.

भाऊ पार पिकले होते. मागे कॉलेजची एक मुलगी मांडीवर वही घेऊन बसलेली, तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं. पण पुढची काच खाली होत होती, म्हणून मी आत शिरले नाही. अंबाड्यात अबोली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फ्रेम अजून डावीकडेच कललेली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. खिडकीत बसल्यासारख्या ताठ झाल्या.

"नाव?" त्या म्हणाल्या.

"मंगल," मी म्हटलं.

पुढचा शब्द यायला वेळ लागला. भाऊ स्टीअरिंग धरून समोर बघत होते, त्यांचे ओठ ताईंबरोबर हलत होते. मागे वडापची जीप येऊन थांबली होती, हॉर्न मारत होती. कुणीही घाई केली नाही.

"वय?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. सवयच ती.

ताईंनी मान खाली केली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"खरं?"

"चौपन्न," मी म्हटलं. "चौपन्न, ताई. लिहा."